सौप्तिकपर्व, दहा माणसं, दहा घुमटं: गोव्यात बसवायचं तर कसं?

मांडावर (धागाकर्ता)

महाभारतातलं सौप्तिकपर्व (युद्ध संपल्यावर रात्री झोपलेल्या पांडवसैन्याची कत्तल) आणि त्याला जोडून स्त्रीपर्वातला (नंतरचा बायकांचा शोक) थोडा भाग, असा सव्वा तासाचा प्रयोग फेब्रुवारीत करायचा आहे. मराठीत, गोव्यात, दहा नटांत. रथ, धनुष्यं, मुकुट, राजवाड्याचा पडदा यांतलं काही नको.

दहाच माणसं का, ते सांगतो. मांडी फुटून पडलेल्या दुर्योधनाला अश्वत्थामा शेवटी हिशेब देतो: पांडवांकडचे सात उरले, आपल्याकडचे तीन. अठरा अक्षौहिणींतून दहा. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. हे आकडे वाचून डोक्यात शिरत नाहीत. प्रयोगात ते कानाने कळावेत. म्हणून दहा नटांच्या हातांत दहा घुमटं, म्हणजे एका तोंडाला चामडं लावलेली गोव्याची मातीची वाद्यं. दुसरं वाद्य नाही, ध्वनिमुद्रित संगीत नाही.

अडलंय ते असं. सगळं रात्री घडतं, तर काळोख किती ठेवायचा? झोपलेल्यांची कत्तल तलवारीशिवाय कशी दाखवायची? सत्तरी तालुक्यातल्या रणमाले या लोकनाट्याचा आधार घ्यावासा वाटतो, पण तो किती घ्यावा? आणि जागा कुठली: देवळाचा सभामंडप, बंद प्रेक्षागृह की उघड्यावर? जाणकारांनी नेमकं सांगावं.

वाचिक

आधी संहितेचं बघा, बाकीचं तिच्यावर ठरेल. सौप्तिकपर्वाचे अठरा अध्याय आहेत. सव्वा तासात त्यातल्या चार जागांच्या पुढे जाऊ नका: वडाखालची रात्र, शिबिराचं दार, आतली कत्तल आणि दुर्योधनाला दिलेला हिशेब. ब्रह्मशिर अस्त्र, नारद-व्यासांचं मध्ये पडणं, उत्तरेचा गर्भ, हे सगळं घ्याल तर दुसरं नाटक सुरू होईल. ते दोन वाक्यांत सांगून पुढे जा. अश्वत्थाम्याच्या कपाळावरचा मणी मात्र ठेवा. तो उजेडाच्या कामाचा आहे.

लांबी: नुसतं बोलायचं असेल तर मिनिटाला साधारण ११०-१२० मराठी शब्द जातात. तुमच्याकडे हालचाल, घुमट आणि शांतता आहे, म्हणजे सव्वा तासाला ४,५०० ते ५,००० शब्दांची संहिता पुष्कळ झाली. ८,००० शब्द लिहून तालमीत कापू म्हणाल तर कापताना शांतताच आधी कापली जाते, कारण ती कागदावर दिसत नाही. म्हणून शांतता संहितेत लिहा, सेकंदांसकट.

समूहाने म्हणायचा मजकूर गद्यात ठेवू नका. दहा जणांनी एकत्र म्हटलेलं गद्य शाळेच्या प्रतिज्ञेसारखं वाजतं. ओवी घ्या. साडेतीन चरणांची ओवी या विषयासाठीच घडवल्यासारखी आहे. तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा तोकडा. कान चौथ्या चरणाची पूर्ण लांबी मागत असतो आणि ती मिळत नाही. त्या तुटलेल्या जागेवर घुमटाची एकच थाप ठेवा. नमुना म्हणून:

रात्र झाली वडाखाली
कावळ्यांची झोप उडाली
घुबडाने पिलं खाल्ली
एकट्याने

‘एकट्याने’ नंतर थाप, मग दोन सेकंद काही नाही. अश्वत्थाम्याला कत्तलीची कल्पना सुचते ती याच दृश्यातून. घुबड झोपलेल्या कावळ्यांना मारतं, तो वडाखाली जागा राहून बघतो. शेजारी कृप आणि कृतवर्मा, त्याच्या बाजूचे उरलेले दोघे, झोपलेले. प्रयोगाचा पाया हाच आहे, त्याला पूर्ण दहा मिनिटं द्या.

सत्तरीची वाट

रणमाल्याबद्दल. झर्मे, करंझोळ या सत्तरीतल्या गावांत शिगम्याच्या काळात ते होतं. रण म्हणजे युद्ध, माले म्हणजे मशाल. कथा रामायण-महाभारतातल्या आणि गाणी म्हणजे ‘जत’. तुम्हाला त्यातून घेण्यासारखी मोठी गोष्ट मशाल नव्हे, मागची रांग. गाणारे पाठीमागे ओळीने उभे असतात आणि ती माणसांची ओळच पडदा होते. पात्र पुढे येतं, काम करतं, मागे जातं. विंग नाही, पडदा नाही, प्रवेश बदलायला काळोख करावा लागत नाही.

तुमच्या दहा जणांना हे नेमकं बसतं. मापं सांगतो. खांद्याला खांदा न लावता, कोपर मोकळं राहील असं उभं राहिलं तर माणशी ७० सेंटिमीटर लागतात. म्हणजे दहा जणांची ओळ सात मीटर. ओळीपुढे निदान चार मीटर मोकळे हवेत, नाहीतर पुढे आलेला नट आणि ओळ एकाच उजेडात येतात आणि ‘पुढे येणं’ राहतच नाही. गावातल्या पुष्कळ सभामंडपांत दोन खांबांमधलं अंतर एवढं नसतं. तिथे ओळ सरळ न ठेवता किंचित वाकवा, पण खांबाच्या आड कोणी जाऊ देऊ नका. आडोशाचा आवाज वेगळा येतो आणि दहा आवाजांत तो एकटा उघडा पडतो.

काय घेऊ नका, तेही सांगतो. सुरुवातीचं नमन घेऊ नका. ते त्या त्या गावच्या देवाला घातलेलं असतं, त्या मांडाचं, म्हणजे गावच्या विधींच्या पवित्र जागेचं असतं. जतही उचलून वापरू नका. रांगेची पद्धत ही रचना आहे, ती शिकता येते. नमन हा विधी आहे, तो उसना आणता येत नाही. जाहिरातीत ‘रणमाले’ असा शब्द छापू नका. रणमाले परंपरेने गावच्या पुरुषांचं. तुमच्या ओळीत बायका असतील आणि असाव्यातच, पण मग ते नाव लावून गावात वाद ओढवून घेण्याचं कारण नाही. शक्य असेल तर तालमी सुरू होण्याआधी सगळ्यांनी मिळून मांडावर बसून एकदा पूर्ण बघा. व्हिडिओवर रांगेचं वजन कळत नाही.

काळोख-उजेड

काळोखाचं गणित डोळ्यांत आहे, दिव्यात नाही. उजेडातून आलेल्या डोळ्याला काळोखात पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, पण पहिल्या सात-आठ मिनिटांतच पुष्कळ फरक पडतो. म्हणून प्रयोग सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधीपासून प्रेक्षकांवरचा उजेड तीन टप्प्यांत उतरवा: पूर्ण, निम्मा, मग नुसत्या दोन समया. तिसरी घंटा होईपर्यंत डोळे तयार होतात. मग पंधरा वॉटचा पिवळा बल्बसुद्धा सूर्य वाटतो. आणि एक मोबाईल पेटला तरी आजूबाजूच्या दहा जणांचे डोळे पुन्हा शून्यावर येतात. मोबाईल बंद करायला सांगताना कारण सांगा. कारण कळलं की लोक ऐकतात.

दिवे मोजके ठेवा. एलईडीचे ‘पार’ जातीचे रंगमंचाचे दिवे स्वस्त आणि हलके आहेत, पण स्वस्तातले दहा टक्क्यांच्या खाली नेले की उजेड पायऱ्यांनी उतरतो, धक्के दिसतात, कॅमेऱ्यात फडफड येते. तुमच्या प्रयोगातलं सगळं काम त्या खालच्या दहा टक्क्यांत आहे. उपाय दोन: दिव्यापुढे दुहेरी धूसर जिलेटिन (उजेड कमी करणारा पातळ पारदर्शक पडदा) लावा आणि दिवा तीस-चाळीस टक्क्यांवर चालवा, किंवा महत्त्वाच्या जागी जुने तारेचे ६० वॉटचे बल्ब डिमरवर घ्या. तारेचा बल्ब मंदावताना तांबडा होत जातो, निखाऱ्यासारखा. एलईडी मंदावताना रंग बदलत नाही, नुसता फिका पडतो. वडाखालच्या प्रवेशाला तारेचे चार बल्ब पुरे.

मंडपात वीज बघून घ्या. एकफेजी जोडणी आणि १६ अँपियरचा एमसीबी असेल तर साडेतीन किलोवॉटच्या आसपास मर्यादा आली. हजार वॉटचे चार जुने पार लावले की खटका पडणार. सहा एलईडी पार एक किलोवॉटच्या आत बसतात. डिमर आणि ध्वनीची यंत्रणा एका वायरीवर घेऊ नका, स्पीकर गुणगुणतो. तुम्ही स्पीकर वापरणार नाही म्हणता, ते उत्तमच.

उघड्यावर करणार असाल तर पंचांग बघा. पौर्णिमेच्या आसपास तुमचा काळोख गेला. कृष्ण पंचमीपासून अमावास्येपर्यंत चंद्र उशिरा उगवतो. साडेसातला सुरू करून पावणेनऊला संपणाऱ्या प्रयोगाला त्या रात्री सुरक्षित.

मांडावर

खूप उपयोगी. मशालींचा विचार मात्र सोडवत नाही. मूळ कथेत कृप आणि कृतवर्मा शिबिराला तीन जागी आग लावतात. तीन बाजूंनी तीन खऱ्या मशाली आल्या तर?

रंगपट

तीन जागांची आग ही तुमच्या हातातली फार मोलाची गोष्ट आहे. पण बंद मंडपात खरी आग नको. लाकडी छत, मखराचं थर्माकोल, नायलॉनच्या झालरी, खचाखच बसलेली माणसं आणि बहुधा एकच रुंद दार. यात चर्चेला जागा नाही.

उघड्यावर असेल तर नीट करा. मशालीला रॉकेल वापरतात कारण ते पटकन पेटतं, आणि ते वापरू नये याचंही कारण तेच. सांडलेलं रॉकेल लगेच पेट घेतं, काजळी नटाच्या घशात जाते आणि पुढची ओवी खोकल्यात जाते. जुन्या दिवटीचं खोबरेलच बरं. ते सावकाश पेटतं, अर्धं मिनिट दुसऱ्या ज्योतीवर धरावं लागतं, पण जमिनीवर पडलेला थेंब भडकत नाही. सुती चिंध्या घट्ट गुंडाळा, दर तीन बोटांवर बांधकामाच्या तारेने आवळा, सुतळीने नव्हे. सुतळी जळते आणि पेटता गोळा सुटून पडतो. तेलात बुडवल्यावर डबा खाली ठेवून निदान पंधरा मिनिटं निथळत ठेवा. थेंब गळतात ते निथळवलं नाही म्हणून. घड्याळ लावून एक मशाल पूर्ण जाळून बघा. जेवढा वेळ जळेल त्याच्या निम्माच वेळ प्रयोगात वापरा.

कपडे सुती. पॉलिएस्टर जळताना वितळून कातडीला चिकटतं. केस बांधलेले, पदर-ओढणी नाही. पहिल्या रांगेपासून तीन मीटर. प्रत्येक मशालीमागे एक माणूस, त्याच्या हातात भिजवलेलं गोणपाट, बाजूला वाळूची बादली. अग्निशामक सिलिंडर कार्बन डायऑक्साइडचा घ्या. पावडरचा फवारला तर आग विझेल, पण ती पावडर घुमटांच्या चामड्यात, लोकांच्या डोळ्यांत आणि घशात जाईल.

बंद जागेत मशालीचा परिणाम हवा असेल तर उजेड हातात द्या, एवढंच. मशालीचं खरं वैशिष्ट्य ज्वाला नाही. ती चेहऱ्याजवळ येते आणि दूर जाते, हे वैशिष्ट्य. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. हातभर अंतरावरचा चेहरा लख्ख दिसतो, दोन हातांवरचा नुसता आकार उरतो. एक वॉटचा उबदार एलईडी लहान डब्यात, पुढे पातळ पांढरा मलमलचा तुकडा, मागे बॅटरी. कमरेच्या उंचीवर धरला की सावल्या वर जातात, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. हे तीन डबे तीन बाजूंनी आले की आग समजते.

कासाळें

आता घुमट. दहा घुमटं एकदम वाजवलीत तर बोललेलं काहीच ऐकू येणार नाही, हे आधी लक्षात घ्या. एकेकाळी घुमटाला घोरपडीचं चामडं लावत. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं असतं. २०१९ मध्ये घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला तोही हा पर्याय रुळल्यावर. कोणी ‘जुनं, अस्सल’ म्हणून घोरपडीचं देऊ केलं तर हात लावू नका, गुन्हा आहे.

बकऱ्याचं चामडं दमट हवेत लवकर सैल पडतं. फेब्रुवारीत दिवसा कोरडं, संध्याकाळी सातनंतर दंव धरायला लागतं आणि अर्ध्या तासात सूर उतरतो. थाप ‘धुम्म’ ऐवजी ‘भद्’ अशी येते. दुपारी उन्हात तासभर ठेवा. प्रयोगाआधी लाकडी खोक्यात ६० वॉटचा तारेचा बल्ब पेटवून त्यात घुमटं उबेला ठेवा, चामडं बल्बपासून वीतभर लांब. निखाऱ्यावर धरून तापवायची घाई करू नका. काठाजवळचं चामडं आधी वाळतं आणि तिथेच फाटतं. दहासाठी दोन जास्तीची घ्या. एक फाटेल, एक फुटेल.

घुमटाला दोन तोंडं. मोठ्यावर चामडं, लहान उघडं. एका हाताने चामड्यावर थाप, दुसऱ्या तळव्याने लहान तोंड झाकायचं-उघडायचं. खरा आवाज त्या दुसऱ्या हातात आहे. झाकून थाप दिली तर आवाज कोंडतो, देता देता उघडला तर सूर वर सरकतो आणि कण्हल्यासारखा येतो. नटांना तीन गोष्टी शिकवा, बास: उघडी थाप, कोंडलेली थाप आणि मातीच्या पोटावर बोटांची टकटक. आरतीचे बोल शिकवत बसू नका. त्याला वर्षं लागतात आणि अर्धवट आलेले बोल गोव्यातला कुठलाही प्रेक्षक ओळखतो.

अंत्रुजेचो

जागेचं. जत्रेच्या दिवसात सभामंडप मिळणं अवघड नाही, पण हा विषय गाभाऱ्यासमोर करायचा का, ते देवस्थान समितीशी स्पष्ट बोलून घ्या. शिगोशीग भरलेली जत्रा, पालखी नुकतीच आत गेलेली आणि तुम्ही तिथे प्रेतांमधून हिंडणाऱ्या बायका दाखवणार. महाजनांनी हरकत घेतली तर ती समजण्यासारखी आहे. शिवाय जत्रेत बाहेर खाज्याची, खेळण्यांची दुकानं लखलखत असतात. तो उजेड आत येतो आणि तुमचा काळोख संपतो. जत्रा सोडून दुसरा दिवस घ्या, नाहीतर देवळाबाहेरचं पटांगण.

माझ्या मते खरी जागा सोडून दिलेली चिरेखाण. इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रूकने १९८५ मध्ये महाभारत फ्रान्समधल्या आव्हिन्योंजवळच्या दगडखाणीत केलं, नऊ तास, रात्रभर. आपल्याकडे तांबड्या चिऱ्याच्या खाणी जागोजाग आहेत. उभ्या कापलेल्या भिंती, पायऱ्या आयत्या तयार. मात्र समोरची भिंत सतरा मीटरपेक्षा दूर असेल तर आवाज स्पष्ट परत येतो आणि ओवीचा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. म्हणून नटांची ओळ भिंतीपासून तीन-चार मीटरवर, पाठ भिंतीला. प्रेक्षक शंभरच्या आत, शेवटचा माणूस बारा मीटरवर. काठावर कोणाला बसू देऊ नका, चिऱ्याची कड पावसाने पोकळ झालेली असते आणि वरून कळत नाही. तळाला पाणी साचलेली खाण बादच. उतरायची आणि चढायची वाट वेगळी, दोन्हीवर दिवा. दुपारी झाडून पाणी मारा, नाहीतर तांबडी धूळ दहा मिनिटांत गळ्यात जाते. मालकाची लेखी परवानगी हवी.

आणि तुमचा ध्वनिक्षेपक नाही, म्हणजे रात्री दहानंतरही करता येईल. खरं तर हे मध्यरात्रीचंच नाटक आहे.

कासाळें

तेवढी दुरुस्ती. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत नुसता ध्वनिक्षेपक नाही. पुढे झालेल्या दुरुस्तीने रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर वाद्यंही त्यात आली. बंद सभागृहाला सूट आहे. सरकारला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत बारा वाजेपर्यंत सवलत देता येते, पण ती सण-उत्सवांसाठी असते आणि ते दिवस आधीच ठरतात. दहा घुमटं खाणीत वाजली तर दोन वाड्यांना ऐकू जातील. फेब्रुवारीत साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, सव्वासातला पुरता काळोख. साडेसातला सुरू करा.

अंत्रुजेचो

बरोबर, ते वाद्यांचं लक्षात नव्हतं. मग साडेसातच.

वाचिक

दहाच्या हिशेबावर कोणीतरी उठून विचारेल की युयुत्सूही उरतो, धृष्टद्युम्नाचा सारथीही उरतो. उत्तर तयार ठेवा. दहा हा अश्वत्थाम्याचा हिशेब आहे, मरणाऱ्या मित्राला दिलेला. त्यात सारथी धरलेला नाही. सारथ्यांना कोण मोजतं?

आणि मला वाटतं तुमचा सूत्रधार तोच. कृतवर्म्याच्या तावडीतून कसाबसा निसटलेला, सकाळी युधिष्ठिराला बातमी सांगणारा बिननावाचा माणूस. कथा सांगायचा हक्क त्याच्याइतका कोणाला आहे? सूत्रधाराच्या वेगळ्या नटाची गरज नाही. दहांपैकी ज्याच्या हातात त्या क्षणी घुमट नाही तो सारथी.

रंगपट

स्त्रीपर्वाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. दहा उरलेले सगळे पुरुष, पण पुढचं सगळं बायकांचं. दहांत पाच बायका तरी घ्या. ओळ मोडून दोन ओळी करा, समोरासमोर, गोव्यातल्या बायकांच्या धालो नाचासारख्या: एक ओळ चार पावलं पुढे येते, मागे जाते, मग दुसरी. एकीकडे गांधारी, दुसरीकडे द्रौपदी आणि कुंती. दोन्हीकडे मुलं गेलेली. पावलं घ्या, धालोंची गाणी घेऊ नका. पौषातली ती गाणी मंगल आहेत, बायकांना ती शोकाला जोडलेली आवडणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

गांधारीची पट्टी खरी बांधा, पण काळ्या व्हॉइलचा एकच पदर. आतून उजेडाची दिशा कळते, बाहेरून डोळे दिसत नाहीत. वाट दाखवायला जमिनीवरच्या चादरीखाली बोटाच्या निम्म्या जाडीची काथ्याची दोरी टाका, दोन्ही टोकं आणि मधे दर हातभर पट्टीने चिकटवलेली. अनवाणी पायाला दोरी लागते आणि नटी कुठेही न चाचपडता चालते. तालमीत पहिल्या दिवसापासून दोरी असू द्या. शेवटच्या आठवड्यात टाकली तर ती चालताना दोरीच शोधत राहते आणि बघणाऱ्याला कळतं.

एक जागा सोडू नका. गांधारीची नजर पट्टीच्या फटीतून युधिष्ठिराच्या पायाच्या नखांवर पडते आणि नखं विद्रूप होतात. एवढंच. शंभर मुलं गेलेल्या बाईचा राग नखांवर निघतो. त्या वेळी सगळा उजेड जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवा, फक्त पावलं दिसू द्या. एक मिनिटभर प्रेक्षकांना चेहरे नकोत.

मण्यासाठी: अश्वत्थाम्याच्या कपाळावरचा पाच मिलिमीटरचा एलईडी नाण्याएवढ्या तीन व्होल्टच्या सेलवर थेट चालतो. गरम गोंदाने चिकटवू नका, घामाने सुटतो. कापडी पट्टीत शिवून घ्या. त्याने चेहरा उजळणार नाही, नुसता ठिपका दिसेल. भीम मणी द्रौपदीच्या हातात देतो तिथे तिच्या तळव्यात आधीच एक वॉटचा दिवा दडवलेला असू द्या. मूठ उघडली की तिचा चेहरा. मग ती तो युधिष्ठिराला मस्तकावर धारण करायला देते, हे कथेतच आहे. दिवा वर गेला की उजेड त्याच्या डोक्यामागे जातो आणि राजाचा चेहरा काळोखात.

मांडावर

नखांचा प्रवेश संहितेत नव्हता. आज घातला. आता उरला तो कत्तलीचाच प्रश्न.

कासाळें

त्याचं उत्तर तुमच्या दहाच्या आकड्यातच आहे. आत मारल्या गेलेल्यांतली ठळक नावं मोजा: धृष्टद्युम्न, उत्तमौजा, युधामन्यू, द्रौपदीचे पाच मुलगे, शेवटी शिखंडी. नऊ. दहावा अश्वत्थामा.

ओळीतले नऊ जण खाली बसलेले, डोळे मिटलेले, प्रत्येकाच्या मांडीवर घुमट. प्रत्येकाने स्वतःच्या श्वासावर वाजवायचं, सोडलेल्या श्वासाला एक कोंडलेली थाप. झोपलेल्या माणसाचा श्वास मिनिटाला चौदा-पंधरा, म्हणजे चार सेकंदांना एक थाप. नऊ जणांचे श्वास एकत्र पडत नाहीत, म्हणून पावसाच्या शेवटी पागोळ्या गळतात तसा सैल आवाज होतो. ताल धरू देऊ नका. चार-पाच मिनिटं एकत्र वाजवलं की नट नकळत एका लयीत येतात. आलेच तर थांबवा, उठवा, पुन्हा बसवा. ही सर्वांत मोठी अडचण, तालमीतला निम्मा वेळ इथेच जाईल. कानात कापूस घालून सराव केला की स्वतःचा श्वास ऐकू येतो. चार-पाच तालमींनी कापूस काढा.

अश्वत्थामा एकेकापाशी जातो. हत्यार नाही, स्पर्शही नाही. तो समोर बसतो आणि ते घुमट थांबतं. धृष्टद्युम्नाला पूर्ण तीन मिनिटं द्या. तो ‘शस्त्राने मार’ अशी याचना करतो आणि नकार मिळतो, तेवढंच संभाषण. बाकी आठ झोपेतले श्वास तोवर चालू. मग दोघे मिळून एक मिनिट. पाच मुलगे आधी वीस सेकंदांनी, मग पंधरा, मग दहा. शिखंडी एका थापेत.

थांबलेलं घुमट नुसतं लहान तोंडावर जमिनीवर ठेवायचं नाही, लवंडतं. मोठं चामड्याचं तोंड वर, खाली चुंबळ. कळशीखाली घालतात तीच, जुन्या लुगड्याची. चुंबळ नसेल तर चिऱ्यावर माती ठक्कन वाजते आणि त्या एका आवाजाने मागची सगळी शांतता फुकट जाते. नऊ चुंबळी आधीच जागेवर, प्रत्येकाच्या उजव्या गुडघ्याशी, काळोखात हाताला लागतील अशा.

नववं थांबल्यावर बारा सेकंद काही नाही. मग अश्वत्थामा स्वतःचं घुमट उचलतो आणि त्याचा एकट्याचा श्वास सुरू होतो, चार सेकंदांना एक थाप. हिशेब त्यावरच सांगायचा.